होल्याच्या गळ्यातली रेघ

तिसरं पोतं उपडं केलं आणि पारडी वस्तीतल्या त्या पडवीत दोऱ्यानं बांधलेल्या बिडीच्या कट्ट्यांचा ढीग गुडघ्याएवढा झाला. प्रत्येक कट्ट्यावर गुलाबी लेबल, लेबलावर राखी रंगाचा होला पक्षी, आणि होल्याच्या गळ्यात काळं कडं.

"म्या सांगतलं होतं का नाही, वकीलसाहेब?" चंपतराव म्हणाले. 'होला छाप बिडी'चे ते मालक. आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

वकील गोपाळराव कान्हेरे यांनी मान डोलावली आणि रुमालानं ती पुसली. १९६९ सालच्या मे महिन्यातला बुधवार होता. सकाळचे आठ वाजले नव्हते तरी डोक्यावरचे पत्रे तापायला लागले होते. फौजदार श्रीधर कडू एका ट्रंकेवर कागद ठेवून पंचनामा लिहीत होते.

दाराला टेकून घराची मालकीण उभी होती, जयवंता. चाळिशीची विधवा, बिड्या वळून पोट भरणारी. दर मंगळवारी कारखान्याची बंडी तेंदूपत्त्याची पोती तिच्या पडवीत टाकून जायची आणि गुरुवारी ती गल्लीतल्या बायांना पानं वाटायची. आज त्या पानांच्या पोत्यांखाली ही तीन पोती निघाली होती.

"हे माह्यं नाही," ती म्हणाली. "काल बंडीवाल्यानं पोती टाकली. म्या त्यातलं एकही सोडलं नाही."

"सारेच असं म्हनते," कडू मान वर न करता म्हणाले.

सहा महिन्यांपासून चंपतराव हैराण होते. उमरेडचे, काटोलचे दुकानदार माल परत पाठवत होते. बिडी अर्ध्यात विझते, पान उकलतं, गिऱ्हाईक शिव्या देतं. कोणीतरी होल्याचं नाव लावून कचरा विकत होतं. सोमवारी संध्याकाळी चंपतराव सीताबर्डीवर गोपाळरावांच्या ऑफिसात येऊन बसले आणि त्यांनी फिर्याद सांगितली. रविवारी आपण जयवंताच्या दारावरून जात असताना आत होला छाप लेबलं लावलेला तीन पोती माल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, असं त्यांचं म्हणणं. गोपाळरावांनी ती फिर्याद स्वतः टाइप केली, चंपतरावांची सही घेतली आणि मंगळवारी मॅजिस्ट्रेटकडून झडतीचं वॉरंट मिळवलं. दुसऱ्याचं व्यापारचिन्ह नकली मालावर लावलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होती.

कडूंनी एका कट्ट्याच्या दोऱ्याला नख लावलं.

"फोडू नोका," चंपतराव पटकन म्हणाले. "जसेच्या तसे सील करा. कोर्टात लागतीन."

अशील इतका जागरूक पाहून गोपाळरावांना बरं वाटलं. त्यांचे बाकीचे अशील पुरावा वाळवीच्या हवाली करून मोकळे होणारे होते.

जयवंतानं मात्र पहिल्यांदाच गोपाळरावांकडे पाहिलं. "हा कागद तुमीच लिवला ना? मंग एक कट्टा सोडून पाहा. तेवढं करा, मंग न्या मले कुठं न्याचं तं."

माल आता सील होणार, जे काय व्हायचं ते कोर्टात होईल, असं गोपाळराव म्हणाले. कायद्यानं ते बरोबरच होतं. ती पोलिसांच्या गाडीत चढली तेव्हा गल्लीतल्या बाया मांडीवर सुपं घेऊन बसल्या होत्या आणि एकीचाही हात चालत नव्हता.

निघताना गोपाळरावांनी एक लेबल नमुना म्हणून सोडवून घेतलं, त्यावर कडूंची सही घेतली. सायकलरिक्षात बसल्यावर त्यांनी ते उन्हात धरलं.

लेबल अस्सल होतं.

हे लेबल गोपाळरावांना स्वतःच्या पत्रिकेपेक्षा जास्त पाठ होतं. सात वर्षं त्यांनी ते लढवलं होतं. १९६१ साली अर्ज केला, तर दुसऱ्या गावच्या एका कबुतर छापवाल्यानं हरकत घेतली की होला आणि कबुतर सारखेच दिसतात, गिऱ्हाईक फसेल. मग तारखा. मग पुन्हा तारखा. होला म्हणजे कबुतर नव्हे हे सिद्ध करायला गोपाळरावांनी जीवशास्त्राच्या एका प्राध्यापकाचं प्रतिज्ञापत्र जोडलं, चौदा पानटपरीवाल्यांचे जबाब घेतले, आणि अखेर सारा खटला पाखराच्या गळ्यातल्या काळ्या कड्यावर येऊन ठेपला. होल्याला कडं असतं, कबुतराला नसतं. कड्यावर ते जिंकले. ज्या दिवशी नोंदणीचा दाखला आला त्या दिवशी त्यांनी एक लेबल चौकटीत घालून ऑफिसच्या भिंतीवर टांगलं. वकिलीच्या बावीस वर्षांत भिंतीवर टांगावं असं तेवढंच हाती लागलं होतं.

आणि आता फिर्यादीत त्यांनी स्वतः टाइप केलं होतं: 'नकली लेबलं'.

रिक्षा त्यांनी तशीच कारखान्याकडे वळवली. चंपतराव नुकतेच पोचले होते.

"लेबलं खरी आहेत," गोपाळराव म्हणाले.

"खरी?" चंपतराव म्हणाले. "मंग चोरली असतीन."

"कुठून? कपाटातून?"

"माह्या कपाटातून?" चंपतरावांनी सदरा वर केला. करदोड्याला पितळी किल्ली होती. "सात वर्षं झाली, आंघोळीलेही काढत नाही. तुमीच सांगतलं होतं, लेबल म्हंजे धंद्याचा जीव, मुनीमालेही हात लावू देऊ नोका. छापखान्यातून गठ्ठा आला का मीच आत ठेवतो, सकाळी लागतीन तेवढीच मीच काढून देतो. कपाटातून एक लेबल जाऊन राहिलं तं माह्यं नाव बदला."

"मग छापखाना?"

"त्या धोंडबालेच पकडा. जास्तीची छापून इकली असतीन त्यानं."

आपला सल्ला कोणीतरी सात वर्षं पाळतोय हे ऐकून एरवी गोपाळराव फुगले असते. आज त्यांना घाम फुटला होता. सोमवारी तारीख होती आणि खटला पायाखालून सरकत होता.

ऑफिसात दारातल्या वाळ्याच्या ताटीवर पाणी मारायला कोणी नव्हतं. पाणीवाला दोन दिवस आला नव्हता. गोपाळराव चरफडत स्वतः बादली घेऊन उठले, अर्धं पाणी ताटीवर आणि अर्धं स्वतःच्या धोतरावर मारलं, आणि भिंग काढून बसले. जप्त लेबल आणि भिंतीवरचं लेबल त्यांनी शेजारी शेजारी ठेवलं.

मग ते ताठ झाले. जप्त लेबलावर होल्याच्या गळ्यातल्या कड्यातून एक बारीक पांढरी रेघ गेली होती. केसाएवढी. भिंतीवरच्या लेबलात ती नव्हती.

म्हणजे नकलीच! नक्कल करणाऱ्याचा हात नेमका कड्यावर चुकला. गोपाळरावांनी जेवण टाकलं आणि भर दुपारच्या उन्हात महाल गाठलं.

धोंडबाचा छापखाना महालातल्या एका बोळात होता. एक यंत्र, एक दिवा आणि धोंडबा. शाई लागू नये म्हणून तो कपडे काळेच घालायचा. गोपाळरावांनी लेबल पुढं केलं.

"हे तू छापलेलं नाहीस. बरोबर?"

धोंडबानं लेबल दिव्याखाली धरलं. बराच वेळ धरलं. मग खाली ठेवलं.

"माह्यंच हाय."

"ही रेघ पाहिलीस?"

"पाह्यली. म्हनूनच सांगून राहिलो, माह्यंच हाय." त्यानं आवाज खाली आणला. "मालकाले सांगसान नाही ना? छपाईच्या पत्र्यावर लोखंडी पाना पडला माह्या हातून. जस्ताचा पत्रा, ओरखडा पडला तं पडला. दुसरा कराले दोन दिवस लागते. मालकाची घाई, म्हनून तसंच छापलं. कोन पाह्यते गळ्यातलं कडं?"

मी पाहतो, असं गोपाळरावांच्या ओठावर आलं होतं. हाती आलेला खटला पुन्हा निसटला होता आणि त्यांना या माणसाचा, त्याच्या पान्याचा आणि एकूणच बिडी या वस्तूचा संताप आला. तरी वकिली खोड सुटेना.

"कधी पडला पाना?"

"काल. मंगळवारी सकाळी."

"नक्की?"

"सोमवारी सांजले मालकाचा निरोप आला. लेबलं संपली, कपाट रिकामं हाय, उद्या दुपारपर्यंत पाह्यजेत. सकाळी यंत्र चालू कराले गेलो तं पहिल्याच तावाच्या आधी पाना पडला. त्या गठ्ठ्यातल्या साऱ्या लेबलावर रेघ हाय. त्याच्या आधी एकावरही नाही."

"आणि गठ्ठा?"

"दोन वाजता मीच सायकलीवर नेला. मालकानं माह्यासमोर कपाटात ठेवला, कुलूप लावलं."

"रद्दी ताव?"

"ते बी नेऊन द्या लागते. मालक सोता फाडते. तुमचाच नियम म्हने तो."

गोपाळराव परतले ते पायीच. बोळ संपला, चिटणीस पार्क मागं पडलं, तरी त्यांना रिक्षा थांबवायचं सुचलं नाही. काहीतरी जुळत नव्हतं, आणि काय जुळत नाही ते कळत होतं, म्हणून तर ते अधिक चिडले होते. पण एका बाजूला बिडी होती आणि बिडीबद्दल त्यांना ओ का ठो कळत नव्हतं. सात वर्षं बिडीचं लेबल सांभाळणाऱ्या या गृहस्थानं जन्मात कधी बिडी वळताना पाहिली नव्हती.

गुरुवारी ते कारखान्यात गेले आणि मुनीम बापूजींच्या टेबलाशी स्टूल ओढून बसले. बापूजी साठीचे, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. समोर बायांची रांग. प्रत्येक बाई घरी वळलेल्या बिड्यांचे पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधून आणायची. बापूजी कट्टा सोडायचे, बोटं फिरवायचे आणि दोन-तीन बिड्या उपसून शेजारच्या टोपलीत टाकायचे.

"हे काय?" गोपाळरावांनी विचारलं.

"छाट. खराब माल. त्याची मजुरी नाही."

"मग कट्टा अपुरा नाही का पडत?"

"तिच्याच ओटीत जास्तीच्या असते. त्यातून भरून देते."

समोरच्या रंभाबाईनं पदरातून तीन बिड्या काढून कट्टा भरला, आपल्या हातानं दोरा बांधला. टोपलीकडे तिनं पाहिलंही नाही. पाहायची सवय मोडली असावी.

"या छाटीचं पुढं काय होतं?"

"चुलीत घालतो," बापूजी म्हणाले. "मागं चूल हाय."

पाणी प्यायच्या निमित्तानं गोपाळराव मागं गेले. चूल होती. चुलीत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. गोपाळरावांना पाहून तिनं पिसं फुलवली आणि ती जागची हलली नाही. तिची बैठक दोन-चार दिवसांची नक्कीच नव्हती.

परत येताना रंभाबाई त्यांना फाटकाशी भेटली. जयवंताचं काय होईल, असं तिनं विचारलं. गोपाळरावांनी उत्तर टाळून उलट विचारलं, की जयवंताचं आणि मालकाचं काही बिनसलं होतं का.

"बिनसाचं काय? ती म्हने, छाट काढता ना, मंग आमच्यासमोर चुरगळा. बापूजी नाही म्हने. तिनं साठ बायाचे अंगठे घेतले कागदावर. पुढच्या सोमवारी लेबर साहेबाकडं जानार होतो आमी." रंभाबाईनं पदर सारखा केला. "आता कोन जाते?"

पुढचा सोमवार म्हणजे कोर्टाच्या तारखेचाच.

शुक्रवारी सकाळी गोपाळराव ठाण्यावर गेले आणि दोन पंच बोलावून एक कट्टा उघडायची विनंती केली. कडू वैतागले. तुमचीच फिर्याद, तुमचाच माल, आणि तुमचेच अशील म्हणाले होते फोडू नका, असं त्यांनी ऐकवलं. मग स्वतःच्याच कुतूहलानं त्यांनी सील तोडलं आणि जयवंताला बाहेर आणून बसवलं.

"तू म्हणाली होतीस ना, एक कट्टा सोडून पाहा," गोपाळराव म्हणाले. "आता तूच पाहा आणि सांग."

तिनं दोरा सोडला आणि बिड्या टेबलावर एकेक करून मांडल्या. तीन दिवसांत तिचा चेहरा उतरला होता, पण बोटं चटचट चालत होती.

"हे रंभाबाईची. तिचं तोंड लय घट्ट, नखानं दाबते. हे सुभद्राची, ती खिळ्यानं तोंड मोडते, हे पाहा भोक. हे शामलाची, डावखोरी हाय, तिचं पान उलटं वयलं जाते. हे पुना रंभाबाईची. हे..." ती थांबली. एक बिडी तिनं तळहातावर घेतली.

"ही कोणाची?"

"माही."

तिनं बिडीचं तोंड त्यांच्यापुढं धरलं.

"तोंडाशी दुहेरी मोड हाय. माह्या मायनं शिकवलं. आमच्या गल्लीत दुसरी कोनी करत नाही." तिनं बिडी फिरवून पाहिली. "पान जरासं फाटलं हाय. छाटीत गेली असन."

"खात्रीनं सांगतेस?"

"वकीलसाहेब, तुमी तुमची सही वयखता का नाही?"

गोपाळरावांनी कडूंकडे पाहिलं. कडूंनी कधीच लिहायला घेतलं होतं.

शनिवारी दुपारी चंपतरावांच्या खोलीत पाच माणसं होती. चंपतराव गादीवर, बापूजी दाराशी, कडू खुर्चीत, त्यांनी ठाण्यातून सोबत आणलेली जयवंता भिंतीला टेकून. गोपाळराव उभेच होते. त्यांनी आधी एक कागद चंपतरावांपुढं ठेवला.

"हे काय?"

"माझं वकीलपत्र. परत करतो. आता तुम्ही माझे अशील नाही, म्हणून बोलतो."

"काहून गा? फी कमी पडली?"

"चंपतराव, वळणारी बाई कट्टा स्वतः बांधते. छाट निघाली तर स्वतःच्याच बिड्यांनी भरते. म्हणजे खऱ्या कट्ट्यात पंचवीसच्या पंचवीस बिड्या एका हाताच्या. बापूजी, बरोबर?"

बापूजींनी चष्मा काढला. "बरोबर."

"कोणी चोरून नकली माल केला असता तरी तसंच झालं असतं. एक बाई वळते, एक बाई बांधते. पण या तीन पोत्यांतले कट्टे काल आम्ही पंचांसमोर सोडले. तेवीस सोडले. एकाही कट्ट्यात एकीचा हात नाही. चौदा-चौदा, पंधरा-पंधरा जणींच्या बिड्या एकत्र. साऱ्या नापास. अशा बिड्या सुट्या होऊन एकत्र पडतात अशी जागा एकच आहे, बापूजींच्या टेबलाशेजारची टोपली. छाट चुलीत जाते म्हणता. चुलीत कोंबडी अंडी उबवते आहे."

"मुनीमानं केलं असन," चंपतराव म्हणाले. त्यांनी बापूजींकडे पाहिलंही नाही. "माह्या पाठीमागं छाट इकत असन. मले काय मालूम?"

बापूजींचा चेहरा पांढरा पडला.

"मलाही आधी तसंच वाटलं," गोपाळराव म्हणाले. "बिड्या बापूजींच्या हातात होत्या, पोती लादायचं काम त्यांचं. पण लेबलं कोणाच्या हातात होती?"

गोपाळरावांनी नमुन्याचं लेबल गादीवर ठेवलं.

"जप्त केलेल्या प्रत्येक लेबलावर होल्याच्या कड्यातून एक पांढरी रेघ गेली आहे. छापखान्यात पत्र्यावर ओरखडा पडला त्याची. हा ओरखडा मंगळवारी सकाळी पडला. त्याआधीच्या एकाही लेबलावर ती रेघ नाही. गठ्ठा मंगळवारी दोन वाजता इथं आला आणि तुम्ही तो कपाटात ठेवून कुलूप लावलं. संध्याकाळी बंडी पारडीला गेली. बुधवारी सकाळी तीच लेबलं जयवंताच्या पडवीत. दोन वाजल्यापासून संध्याकाळपर्यंत कपाट कोणी उघडलं?"

"कोनीतरी किल्ली..."

"आंघोळीलाही काढत नाही म्हणालात. मला दाखवलीत."

कडू खुर्चीत पुढं सरकले. "आनि समजा ती बाईच चोर हाय, तं?"

"तरी एक गोष्ट उरते, फौजदारसाहेब. ती माझ्याच फायलीत आहे." गोपाळरावांनी टाइप केलेला कागद काढला. त्यांचा आवाज आता चढला होता आणि त्यांनी तो आवरला नाही. "सोमवार, बारा मे. मी टाइप केलं, यांनी सही केली. रविवारी यांनी जयवंताच्या घरी तीन पोती पाहिली, होला छाप लेबलं लावलेली. रविवारी! ही लेबलं तेव्हा छापलीच नव्हती. तीन पोती सापडणार हे यांना पोती भरायच्या आधी ठाऊक होतं. कपाट रिकामं होतं म्हणून सोमवारी संध्याकाळी छापखान्याला तातडीचा निरोप गेला, आणि त्याच संध्याकाळी हे माझ्यासमोर बसून फिर्याद सांगत होते. सहा महिने स्वतःचीच छाट स्वतःच्याच लेबलाखाली विकली. दुकानदार ओरडले, तेव्हा चोर हवा होता. आणि साठ अंगठे घेऊन लेबर ऑफिसात निघालेली बाई नको होती. एका वॉरंटात दोन्ही कामं. कुंपणानंच शेत खाल्लं, आणि कुंपण मी घातलं होतं."

बापूजी दारापासून पुढं आले.

"मालकानं सांगतलं, म्हनून भरली पोती," ते म्हणाले. "लेबलं त्याइनंच काढून देल्ली. तीस वर्षं झाली इथं मले. नाही म्हनता नाही आलं." ते जयवंताकडे पाहत नव्हते. "फोडू देनार नाही म्हने मालक. सील झालं का कोन सोडून पाह्यते, म्हने."

चंपतरावांनी उसनं अवसान आणलं. "माह्या बिडीवर माहं लेबल. यात कोनता गुन्हा झाला, सांगा ना!"

आणि इथंच गोपाळरावांना सगळ्यात जास्त संताप आला, कारण माणूस खरं बोलत होता. आपल्या कचऱ्यावर आपलंच व्यापारचिन्ह लावायला त्या कायद्यात बंदी नव्हती. सात वर्षं त्यांनी तो कायदा पालथा घातला होता, होल्याच्या कड्यासाठी त्यात जागा होती, छाटीत गेलेल्या मजुरीसाठी एक ओळही नव्हती.

"लेबलाचा गुन्हा नाही," ते म्हणाले. "खोट्या फिर्यादीचा आहे. खोटा पुरावा तयार केल्याचा आहे. त्यासाठी वकील वापरलात, तेव्हा वकिलानं गप्प बसायचा प्रश्नही उरत नाही."

कडू उठले. चंपतरावांनी टोपी घातली, जोडा शोधला, आणि जाता जाता सवयीनं करदोड्यावरची किल्ली चाचपली. कडूंनी हात पुढं केला. किल्ली सोडवायला बराच वेळ लागला, गाठ सात वर्षांची होती.

बाहेर टेबलाशी बायांची रांग तशीच उभी होती. कट्टे तपासायला कोणी नव्हतं. जयवंता टेबलाजवळ गेली आणि तिनं छाटीची टोपली फरशीवर पालथी केली. काही न सांगता बाया पुढं आल्या. प्रत्येकीनं वाकून आपापली बिडी उचलली. चुकून दुसरीची उचलली असं एकदाही झालं नाही.

गोपाळराव ते पाहत होते. जयवंता त्यांच्यापाशी आली.

"वकीलसाहेब, होल्याची नोंदनी केली तशी आमच्या हाताची होते का?"

"नाही," ते म्हणाले. हे सांगताना त्यांना लाज वाटली.

तिला वाईट वाटलेलं दिसलं नाही. तिनं मान हलवली आणि मुठीतल्या तीन बिड्या त्यांच्या हातावर ठेवल्या. "ह्या शामलाच्या. ती आज आली नाही. मंग तुमी चुरगळा."

गोपाळरावांनी मूठ आवळली. पान कडकड मोडलं, तंबाखू बोटांतून फरशीवर सांडली. शेजारी साठ मुठी तेच करत होत्या.

सोमवारी ते कोर्टात गेले, जयवंतावरची फिर्याद खोटी असल्याचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र दिलं आणि तिथून बायांबरोबर लेबर ऑफिसात. रांगेत तीन तास उभं राहावं लागलं. साहेब जेवायला गेले होते. गोपाळरावांच्या हाताला अजून तंबाखूचा वास येत होता.